बेडसोअरची नोटीस सिस्टरला देण्याआधी वॉर्डात माणसं किती आहेत ते मोजा : रुग्णालय प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांचे सन्माननीय अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक, आणि मंत्रालयात बसून पदं मंजूर करणारे, खरेदीच्या फाइली पास करणारे सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी रिटायर झालेली परिसेविका आहे, वॉर्डात जिला सगळे इन्चार्ज सिस्टर म्हणतात ती. माझी बहुतेक नोकरी ऑर्थो आणि मेल मेडिसिन वॉर्डात गेली. मांडीचं हाड मोडलेले म्हातारे, लकव्याचे पेशंट, बांधकामावरून नाहीतर झाडावरून पडून कमरेखालचं सगळं गेलेली तरणी पोरं, हे माझे पेशंट. त्यांना कुशीवर वळवणं, वर सरकवणं, ट्रॉलीवर घेणं, खुर्चीत बसवणं हे काम मी स्वतः केलंय आणि मागून आलेल्या पोरींना शिकवलंय, म्हणून यावर बोलतेय.

कारण घडलं ते असं. माझ्या हाताखाली तयार झालेली एक सिस्टर आता दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयात आहे, तिने मला त्यांच्याकडे निघालेल्या ऑर्डरचा फोटो पाठवला. त्यात लिहिलंय की अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक पेशंटची पोझिशन दर २ तासांनी बदलायची, तक्त्यावर वेळ टाकून सही करायची, आणि पेशंटला बेडसोअर (एकाच जागी पडून दाब आल्याने होणारी जखम) झाल्याचं आढळलं तर त्या ड्युटीवरच्या अधिपरिचारिकेला व्यक्तिशः जबाबदार धरून कारवाई होईल. आणि ज्या महिन्यात ही ऑर्डर निघाली त्याच महिन्यात तिथल्या कंत्राटी कक्षसेवकांचं कंत्राट संपलं, नवीन झालंच नाही, म्हणजे रात्री पेशंट वळवायला जे एक मामा असायचे तेही गेले. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण चौकशी केली तर अशाच ऑर्डरी आणखी ठिकाणीही निघाल्यात असं कळलं, आणि नाव लिहिलं की त्या पोरीलाच शोधून काढतील. ड्युटीवरच्या सिस्टरला १९७९ च्या वर्तणूक नियमांमुळे जाहीरपणे बोलता येत नाही. मला आता येतं, म्हणून मी बोलते.

आधी एक गोष्ट साफ सांगते. बेडसोअर होणं वाईटच आहे, तो बहुतेक वेळा टाळता येतो, आणि दर २ तासांनी पोझिशन बदलायची हा नियम माझ्या शिक्षणातलाच आहे, त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. तक्ता ठेवायलाही माझी ना नाही. माझी हरकत आहे ती जबाबदारीच्या त्या शेवटच्या ओळीला, कारण पेशंट वळवायला माणसं लागतात आणि ती ओळ लिहिताना वॉर्डात माणसं किती आहेत हे कुणी मोजलेलं दिसत नाही.

पेशंटला कुशीवर करणं म्हणजे काय ते एकदा नीट सांगते, कारण लांबून बघताना ते दोन मिनिटांचं काम वाटतं. आधी कॉटचे ब्रेक लागलेत का बघायचं. कॉट वर घेता येत असेल तर आपल्या कमरेच्या उंचीला आणायची. रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, नुकतंच फीड दिलं असेल तर पेशंटला लगेच आडवं करता येत नाही, अर्धा-पाऊण तास डोकं वर ठेवावं लागतं, नाहीतर फीड फुफ्फुसात जातं. मग युरोबॅग म्हणजे लघवीची पिशवी बघायची, ती मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे आणि नळी ओढली जाता कामा नये, सलाईनची लाइन बघायची, ड्रेन असेल तर तो. मग दोघांनी दोन बाजूंना उभं राहून ड्रॉशीटच्या, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली घातलेल्या आडव्या चादरीच्या, कडा गुंडाळून मुठीत धरायच्या आणि एक-दोन-तीन म्हणून पेशंटला आधी कॉटच्या एका कडेला घ्यायचं, म्हणजे वळवल्यावर तो मधोमध येतो. मग खांदा आणि कंबर धरून वळवायचं, हात धरून नाही, कारण लकव्याच्या पेशंटचा लुळा हात धरून ओढला की खांदा निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखत राहतो. वळवलं की पाठीमागे उशी, पण पूर्ण ९० अंशात नाही, साधारण ३० अंश कलतं, म्हणजे सगळा भार मांडीच्या वरच्या हाडावर येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, वरच्या हाताखाली उशी, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी. खालचा खांदा जरासा पुढे ओढून घ्यायचा, खालचा कान दुमडला नाही ना बघायचं, चादरीला सुरकुती नाही ना, खाली सुईचं टोपण राहिलं नाही ना. आणि हे सगळं करताना पाठ, माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू डोळ्यांनी बघायची आणि हात लावून बघायची. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर पुस्तकातला लालपणा दिसतच नाही, जागा जरा काळपट पडते, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते, ते बोटांनाच कळतं. शी झाली असेल तर पुसून, कोरडं करून, चादर बदलून मगच पुढे.

सगळं सुरळीत असलं तर याला २ माणसं आणि ५ मिनिटं लागतात, आणि शी झाली असेल तर १५ मिनिटं सहज.

आता हिशोब करा. रात्रपाळी ८ ते ८. वॉर्डात स्वतः न वळू शकणारे फक्त १२ पेशंट धरले (ऑर्थोत याहून जास्त असतात), तर दर २ तासांनी म्हणजे एका रात्रीत ६ वेळा, १२ गुणिले ६ म्हणजे ७२ वेळा पेशंट वळवायचा. प्रत्येकी ५ मिनिटं म्हटलं तरी ३६० मिनिटं, म्हणजे २ माणसांचे सलग ६ तास. आणि रात्री सिस्टर असते एक. तिच्याकडे त्याच वेळी इंजेक्शनं आहेत, नवीन ॲडमिशन आहेत, कुणाला दम लागलाय, कुणाचं रक्त लावलंय, कुणी गेलं तर बॉडीचं काम आहे. ती ७२ सह्या करू शकेल, पण ७२ वेळा पेशंट एकटीने वळवू शकणार नाही. तुमच्या ऑर्डरमुळे होईल ते एवढंच की भीतीने तक्ता भरला जाईल, आणि तक्ता भरलेला बघून वर सगळ्यांना वाटेल की काम होतंय, आणि पेशंट तसाच उताणा पडून राहील. हे मला सगळ्यात जास्त लागतं. खोटी नोंद करायची वेळ एखाद्या प्रामाणिक पोरीवर आणणं हा अन्याय आहे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला ३ पेशंटमागे १ नर्स, बाकीच्या हॉस्पिटलात ५ मागे १, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. माझ्या नोकरीत रात्रपाळीला मी ते प्रमाण कधी पाहिलं नाही. रात्री एका सिस्टरकडे चाळीसच्या वर पेशंट, त्यातले काही कॉटच्या मध्ये खाली गादीवर, आणि खाली जमिनीवरच्या पेशंटला वळवायचं तर गुडघ्यावर बसून, पाठ मोडून. बरं, नर्सेस भरायच्या तर कायमच्या भरा, आऊटसोर्सिंग नको, हे सांगायला पोरींना २०२२ मध्ये संपावर जावं लागलं होतं, तेव्हा किमान त्याची आठवण ठेवा.

दुसरं गाऱ्हाणं सामानाचं. वर वाचलं असेल तर मोजा, एका पेशंटला कुशीवर नीट ठेवायला ४ ते ५ उशा लागतात. वॉर्डात पेशंटमागे एक उशीसुद्धा नसते. मग आम्ही नातेवाईकांना सांगतो घरून चादरी आणा, त्या गुंडाळून पाठीमागे लावतो, त्या अर्ध्या तासात सरकतात आणि पेशंट पुन्हा उताणा. कॉटचं हँडल फिरत नाही म्हणून डोकं वर करता येत नाही, मग दोन विटा लावायच्या. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज, माकडहाडाखाली हवेची रिंग, हे अजून चालू आहे, आणि ते चुकीचं आहे हे आता सगळीकडे मान्य आहे. रिंगेच्या कडेला दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. ज्या जागेवर डाग पडलाय तिथे पावडर लावून चोळूही नये. पण दुसरं काही हातात दिलेलंच नसेल तर सिस्टर काय करणार, जे आहे तेच वापरणार.

पेशंट कॉटवर खाली घसरतो, त्याला वर घ्यायचं असतं, तेव्हा काय होतं बघा. दोघांनी काखेत हात घालून ओढलं की कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड वर सरकतं, आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, तुटतात. वरून काही दिसत नाही. चार दिवसांनी माकडहाडावर काळा डाग दिसतो आणि नोटीस त्या चौथ्या दिवशीच्या सिस्टरला. यावर उपाय फार मोठा नाही. गुळगुळीत नायलॉनची स्लाइड शीट मिळते, ती खाली घातली की पेशंट न घासता सरकतो. कॉटवरून ट्रॉलीवर घ्यायला सरकपट्टी मिळते. करोडोंच्या मशिनरीपुढे या वस्तूंची किंमत काहीच नाही, पण खरेदीच्या यादीत त्या येतच नाहीत, कारण यादी करताना वॉर्डातल्या सिस्टरला कुणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट नातेवाईकांची, आणि हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना वाचायला खुलं ठेवलंय ते त्यांच्यासाठीसुद्धा. सरकारी दवाखान्यात ज्यांचं माणूस राहिलंय त्यांना माहीत आहे की पेशंट वळवायचं, उचलायचं, एक्सरेला न्यायचं काम शेवटी घरचेच करतात. गावाहून आलेली बायको, स्वतः पन्नास किलोची नाही, ती ऐंशी किलोच्या नवऱ्याला एकटी ओढत असते. ट्रॉलीला कठडा नाही, पट्टा नाही, एक चाक अडकतं, आणि मुलगा एका हाताने सलाईनची बाटली वर धरून दुसऱ्या हाताने उतारावरून ट्रॉली ढकलतोय. मणक्याला मार लागलेल्या पेशंटला वळवायला किमान ४ जण लागतात, एकाने फक्त डोकं आणि मान धरायची आणि त्यानेच हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय एकाच वेळी, लाकडाचा ओंडका फिरवावा तसं सरळ. ते लॉग रोल. हे काम दोन घाबरलेल्या नातेवाईकांनी सीटी स्कॅनच्या टेबलापाशी केलं तर मान कुठे वळेल सांगता येत नाही, आणि मज्जारज्जूला झालेली इजा परत भरून येत नाही. खुब्याचा बॉल बदललेल्या आजीचा पाय दुसऱ्या पायावरून ओलांडला गेला तर नवीन सांधा निसटू शकतो, म्हणून मध्ये उशी ठेवायची असते, हे कुणी त्या सुनेला सांगितलेलं नसतं. डिस्चार्जच्या वेळी हातात गोळ्यांचा कागद देतात आणि ‘आता घरी काळजी घ्या’ म्हणतात. काळजी घ्यायची म्हणजे कसं वळवायचं, फीड देताना डोकं किती वर ठेवायचं आणि कुठली जागा रोज बघायची, हे दाखवायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कुणाच्याच ड्युटीत धरलेला नाही. मग तोच पेशंट महिन्याभरात मूठ जाईल एवढी जखम घेऊन परत येतो, आणि नवीन ऑर्डरप्रमाणे तोही त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या सिस्टरच्या नावावर पडू शकतो, कारण ॲडमिशनच्या वेळी पूर्ण अंग तपासून नोंद करायची पद्धतच सगळीकडे नाही.

आणि आमच्या पाठी. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ७० किलोच्या माणसाचा एक पाय साधारण ११ किलोचा असतो, प्लास्टर असेल तर आणखी जड. अमेरिकेत २००७ पासून शिफारस आहे की एका माणसाने पेशंटचा ३५ पौंड म्हणजे साधारण १६ किलोच्या वरचा भार हाताने उचलू नये, त्याच्यावर गेलं की साधन वापरावं. ब्रिटनमध्ये हाताने वजन उचलण्याबद्दल १९९२ चे नियम आहेत आणि ते हॉस्पिटलांनाही लागू आहेत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३४ मध्येच लिहिलं होतं की इजा होईल एवढं वजन कामगाराला उचलायला लावायचं नाही. वॉर्ड म्हणजे कारखाना नाही म्हणून ते आमच्यापर्यंत कधी आलंच नाही. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी कमरेला पट्टा बांधून ड्युटी करायच्या, माझीसुद्धा कमरेच्या मणक्यांमधली, एल फोर एल फाइव्हची, डिस्क सरकलेली आहे आणि सकाळी पलंगावरून उठताना मला आजही आधी कुशीवर वळावं लागतं. कामावर झालेली इजा म्हणून याची कुठे नोंद नाही. सिक लीव्ह घ्या, नाहीतर सहन करा.

काहीजण म्हणतील, मनात असेल तर होतं, मुंबईच्या केईएमच्या सिस्टरनी करून दाखवलंच ना. हो, दाखवलं. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत केईएमच्या वॉर्डात होत्या आणि इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर झाला नव्हता, ही गोष्ट २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातसुद्धा आलेली आहे. प्रत्येक सिस्टरला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्यातून काय सिद्ध होतं ते नीट बघा. एका पेशंटमागे सिस्टरच्या पिढ्यांमागून पिढ्या उभ्या राहिल्या, रोज, प्रत्येक पाळीत, आपली सहकारी म्हणून, तेव्हा ते झालं. पुरेशी माणसं आणि रोजची काळजी असेल तर बेडसोअर टळतो याचा तो सगळ्यात मोठा पुरावा आहे. तो दाखवून एकट्या सिस्टरकडून एका रात्रीत तेच १२ पेशंटसाठी मागणं बरोबर नाही.

म्हणून माझ्या मागण्या. मी भलतंसलतं काही मागत नाही.

व्यक्तिशः जबाबदारीची ती ओळ जिथे जिथे निघाली असेल तिथे मागे घ्या. तक्ता ठेवा, पण त्यात दोन रकाने वाढवा, ‘किती जणांनी वळवलं’ आणि ‘वळवता आलं नाही तर का’. आणि लेखी हमी द्या की या दुसऱ्या रकान्यात खरं लिहिणाऱ्या सिस्टरवर कारवाई होणार नाही. एक महिना हा तक्ता प्रामाणिकपणे भरू द्या, माणसं कुठे किती कमी आहेत ते तुम्हाला आमच्या कुठल्याही निवेदनापेक्षा जास्त स्पष्ट दिसेल.

कक्षसेवकांची आणि आयांची रिकामी पदं भरा, आणि ऑर्थो, न्यूरो, मेडिसिन, आयसीयू इथे रात्री सिस्टरशिवाय किमान २ जण फक्त पेशंट हलवायला ठेवा. एका रुग्णालयात सगळ्या वॉर्डांना मिळून रात्री एक मामा, हे बंद करा. नर्सेसची भरती कौन्सिलच्या प्रमाणाने आणि कायमची.

खरेदीत उशा घ्या, रेक्झिन कव्हरच्या, पुसता येतील अशा, न वळू शकणाऱ्या प्रत्येक पेशंटमागे ५. प्रत्येक वॉर्डात स्लाइड शीट आणि सरकपट्टी, प्रत्येक ट्रॉलीला कठडे आणि पट्टा. कॉटची हँडलं आणि चाकांचे ब्रेक दर महिन्याला तपासून दुरुस्त व्हायला हवेत. जिथे जड आणि पूर्ण परावलंबी पेशंट जास्त आहेत तिथे उचलायचं होइस्ट एक तरी.

ॲडमिशन झाल्यावर पहिल्या काही तासांत डोक्यापासून टाचेपर्यंत कातडी बघून नोंद, आणि ब्रेडन स्केलने, म्हणजे गुण देऊन, बेडसोअरचा धोका किती आहे त्याची नोंद. घरून आलेला बेडसोअर वेगळा आणि वॉर्डात झालेला वेगळा मोजा, आणि वॉर्डात झालेल्यांचा दर महिन्याचा आकडा त्या महिन्यातल्या माणसांच्या आकड्याशेजारी लावा, दोन्ही एकाच कागदावर.

शिकवा. सिस्टरना, मामांना, मावशींना, इंटर्न डॉक्टरांना सगळ्यांना एकत्र, खऱ्या कॉटवर, दर ६ महिन्यांनी, पीपीटी दाखवून नाही. आणि नातेवाईकांसाठी रोज दुपारी वॉर्डात अर्धा तास ठरवून ठेवा, त्या अर्ध्या तासाला एक सिस्टर मोकळी द्या, आणि कॉटच्या उशाशी चित्रांचा तक्ता लावा जो वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

पाठीची इजा ड्युटीवरची इजा म्हणून नोंदवा, उपचाराचा खर्च द्या, आणि जिची डिस्क सरकली आहे तिला पुन्हा उचलायच्या वॉर्डात पाठवू नका.

उत्तर मला व्यक्तिशः नको. ज्या ज्या रुग्णालयात अशी ऑर्डर निघाली आहे तिथल्या मेट्रनना बोलवा, नाईट करणाऱ्या दोन-तीन सिस्टर आणि एक मामा बरोबर घ्या, आणि समोरासमोर विचारा काय लागतं ते. तोपर्यंत कारवाई थांबवा, आधीच काही जणींना नोटिसा गेल्या असतील तर त्या स्थगित करा. शिकवायला माणूस हवा असेल तर मला बोलवा, मी येईन, मानधन नको, कमरेमुळे उचलता येणार नाही पण दाखवता नक्की येईल.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका